जुन्या स्टार वॉर्स फिगर्स: जमवणं, पारखणं आणि सांभाळणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

केनर कंपनीने १९७८ ते १९८५ या काळात काढलेल्या स्टार वॉर्स चित्रपटांच्या छोट्या ॲक्शन फिगर्स, म्हणजे पात्रांच्या प्लास्टिकच्या बाहुल्या, मी एकोणीस वर्षं जमवतो आहे. सुरुवात ओहायोत नोकरीला असताना रविवारच्या जुन्या बाजारात झाली. आता ठाण्याच्या घरी दोन काचेच्या कपाटांत त्या उभ्या आहेत. नवीन लोक भेटतात तेव्हा तेच तेच प्रश्न येतात आणि प्रत्येक वेळी फोनवर तास जातो. म्हणून इथे सगळं एकत्र लिहितो आहे. माझा सगळा भर एका गोष्टीवर राहील: या वस्तूंचं मोल त्यांच्या चकाकीत नाही, त्या किती मूळच्या राहिल्या आहेत यात आहे.

केनरच्याच फिगर्सना एवढं महत्त्व का?

कारण चित्रपटाच्या खेळण्यांचा आजचा सगळा धंदा तिथून सुरू झाला. केनर ही ओहायोतल्या सिनसिनाटी शहरातली कंपनी. तेव्हा तिची मालकी जनरल मिल्स या धान्याचे पदार्थ बनवणाऱ्या कंपनीकडे होती. स्टार वॉर्सच्या खेळण्यांचा परवाना आधी मेगो या मोठ्या कंपनीपुढे आला होता, तिने तो नाकारला आणि तो केनरकडे गेला.

चित्रपट २५ मे १९७७ ला लागला आणि कुणाच्याच कल्पनेपलीकडे चालला. साचे तयार करायला वेळ लागतो, त्यामुळे त्या नाताळला दुकानात ठेवायला केनरकडे एकही फिगर नव्हती. मग त्यांनी चक्क रिकामं पाकीट विकलं. त्याला 'अर्ली बर्ड' पाकीट म्हणतात. आत पुठ्ठ्याचं एक प्रदर्शन-मंच आणि एक प्रमाणपत्र. ते टपालाने पाठवलं की १९७८ मध्ये ल्यूक, लेया, च्युबाका आणि आर-टू-डी-टू अशा चार फिगर्स घरी यायच्या. नाताळच्या सकाळी ते पाकीट उघडून महिनोन्‌महिने टपालाची वाट बघणारी मुलं आज साठीच्या जवळ आली आहेत, आणि मोठ्या लिलावांत हात वर करणाऱ्यांत तीच जास्त असतात.

२०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय खेळणी सन्मान दालनात या फिगर्सना जागा मिळाली.

पावणेचार इंच हीच उंची का?

यानांमुळे. त्याआधी सैनिकांच्या फिगर्स बारा इंची, मेगोच्या आठ इंची असायच्या. बारा इंची हान सोलो करायचा तर त्याला बसवणारं मिलेनियम फाल्कन हे यान घरातल्या पलंगाएवढं झालं असतं. फिगर लहान केली म्हणून यान मुलाच्या दोन हातांत मावलं आणि फिगर बापाच्या खिशाला परवडली; सुरुवातीला एक फिगर दोन डॉलरच्या आसपास मिळायची. हे माप इतकं रुजलं की १९८२ मध्ये हॅस्ब्रो या खेळणी कंपनीने जी. आय. जो हा आपला सैनिक पुन्हा आणला तोही याच उंचीत.

एकूण फिगर्स किती? सुरुवात कुठून करावी?

मोजायची पद्धत बदलली की आकडा बदलतो, पण शंभराच्या आसपास धरा. पहिल्या बारा १९७८ मध्ये आल्या: ल्यूक, लेया, हान सोलो, च्युबाका, आर-टू-डी-टू, सी-थ्री-पीओ, बेन केनोबी, डार्थ व्हेडर, स्टॉर्मट्रूपर, जावा, सँड पीपल आणि डेथ स्क्वाड कमांडर. पाठोपाठ ग्रीडो, हॅमरहेड, वॉलरस मॅन वगैरे आठ, आणि मग एकविसावा बोबा फेट. पुढे १९८० आणि १९८३ च्या चित्रपटांबरोबर संख्या वाढत गेली.

माझा सल्ला विचाराल तर पहिल्या बारा फिगर्स, लूज (सुट्या), मूळ शस्त्रांसह पूर्ण करा. दीड-दोन वर्षं लागू देत. या बारा हाताळताना प्लास्टिकचे सगळे प्रकार, रंग उडण्याच्या सगळ्या तऱ्हा आणि बनावट शस्त्रांचे बहुतेक नमुने तुमच्या नजरेखालून जातात. पहिल्याच महिन्यात महागडी दुर्मीळ फिगर घेणारा माणूस फसतोच, असं मी बऱ्याचदा बघितलं आहे.

लूज घ्यावी की कार्डवरची?

लूज म्हणजे पाकिटातून काढलेली, खेळलेली. कार्डवरची म्हणजे पुठ्ठ्याच्या कार्डावर पारदर्शक बबलमध्ये सीलबंद. कार्डवरचीला भाव कितीतरी पट जास्त, जागा जास्त लागते, आणि आपल्या हवेत तिची देखभाल अवघड. मला स्वतःला लूज आवडतात. सांध्यांतली पकड, पायामागचा शिक्का, रंगाच्या कडा हे सगळं त्यांच्यात हाताला लागतं. बबलच्या आतली फिगर तुम्ही कधीच पूर्ण तपासू शकत नाही.

'१२-बॅक', '२१-बॅक' म्हणजे काय?

कार्डाच्या मागच्या बाजूला त्या वेळी बाजारात असलेल्या फिगर्सची छायाचित्रं छापलेली असायची. जितक्या फिगर्स, तितका 'बॅक'. १२-बॅक सगळ्यात जुनी. मग २०, २१. १९८० च्या चित्रपटाच्या वेळी ३१ पासून ४८ पर्यंत, १९८३ च्या वेळी ६५, ७७, ७९ आणि शेवटच्या 'पॉवर ऑफ द फोर्स' मालिकेत ९२. त्या शेवटच्या कार्डांवर फिगरबरोबर ॲल्युमिनियमचं एक नाणंही असायचं.

एकच ल्यूक आठ-नऊ वेगवेगळ्या कार्डांवर विकला गेला. फिगर तीच, पण १२-बॅकवरचा आणि ७७-बॅकवरचा भाव यांची तुलनाच होत नाही. म्हणून कार्डवरची फिगर घेताना मागचा फोटो मागितल्याशिवाय बोलणं पुढे नेऊ नका.

फिगर अस्सल आहे हे कसं ओळखायचं?

फिगर पालथी करा. बहुतेक फिगर्सच्या पायाच्या मागे उठावदार बारीक अक्षरं असतात: जी. एम. एफ. जी. आय., एक वर्ष, आणि देशाचं नाव. ही अक्षरं म्हणजे जनरल मिल्स फन ग्रुप. पुढच्या काळातल्या फिगर्सवर एल. एफ. एल., म्हणजे लुकासफिल्म. देश बहुधा हाँगकाँग, तैवान किंवा चीन. ते वर्ष हक्क-नोंदणीचं असतं, त्या फिगरच्या उत्पादनाचं नव्हे. '१९७७' कोरलेली फिगर १९८४ मध्येही साच्यातून बाहेर पडलेली असू शकते. 'सत्याहत्तर सालची आहे साहेब' असं सांगून जास्त पैसे मागणाऱ्याला हे शांतपणे सांगा. काही अस्सल फिगर्सवर देशाचं नाव खरवडून काढलेलं असतं, म्हणजे नाव नाही म्हणून ती नकली ठरत नाही.

दहापट मोठं दाखवणारं भिंग विकत घ्या. घड्याळजी वापरतात तसलं, फार महाग नसतं. अस्सल फिगरवरची अक्षरं कडांना धारदार दिसतात. नकली फिगर मूळ फिगरवरून साचा काढून केलेली असते, त्यामुळे तिची अक्षरं साबणाच्या वडीवरच्या नावासारखी गोलसर झालेली असतात आणि फिगर मूळ मापापेक्षा किंचित लहान भरते.

पण खरी फसवणूक फिगरमध्ये कमी आणि शस्त्रांत जास्त होते. ब्लास्टर (बंदूक), लाइटसेबर (प्रकाशाची तलवार, थोडक्यात सेबर), केप या वस्तू मुलांनी पहिल्याच आठवड्यात हरवल्या. त्यामुळे फिगर्स भरपूर उरल्या आणि शस्त्रं थोडी. गेली कित्येक वर्षं नकली शस्त्रं, ज्यांना आम्ही 'रिप्रो' म्हणतो, पिशव्यांनी विकली जातात.

माझा पहिला बेन केनोबी असाच आला. फिगर उत्तम होती, तपकिरी केप मूळची होती, उजव्या हातात निळा सेबर. या फिगर्समध्ये सेबर हाताच्या आत खाचेत सरकतो आणि तळव्यापाशी असलेल्या बारीक दांडीने पुढे ढकलता येतो. मी तो ढकलला तर अडकत अडकत गेला. घरी येऊन दिव्याखाली धरला. मूळ सेबर टोकाकडे निमुळता होत जातो आणि शेवटी केसासारखा बारीक होतो; ते टोकच सगळ्यात आधी तुटतं. माझ्याकडचा शेवटपर्यंत सारख्या जाडीचा होता आणि टोक बोथट. निळाही जरा जास्तच गडद. विकणाऱ्याने मुद्दाम फसवलं असं मी म्हणणार नाही, त्यालाही तो तसाच मिळाला असेल. त्या दिवसापासून शस्त्र हातात न घेता मी पैसे काढत नाही.

जाता जाता: चित्रपटात ल्यूकच्या हातात निळसर पातं आहे, पण केनरच्या पहिल्या ल्यूकला पिवळा सेबर दिला आहे. तुमच्या जुन्या ल्यूकचा सेबर पिवळा असेल तर घाबरू नका, तो तसाच हवा.

शस्त्र पाण्यात तरंगलं की अस्सल, हे खरं का?

अर्धवट खरं. मूळ शस्त्रांपैकी बरीचशी तरंगतात आणि जुन्या रिप्रो बुडायच्या, त्यावरून हा समज पक्का झाला. आता रिप्रो बनवणारेही तरंगणारं प्लास्टिक वापरतात, आणि काही अस्सल शस्त्रं बुडतात. बुडालं तर संशय घ्या, तरंगलं म्हणून निर्धास्त होऊ नका. ओळखीच्या संग्राहकाकडचं नक्की अस्सल असलेलं शस्त्र शेजारी ठेवून बघणं, याला तोड नाही.

विनाइल केपचा जावा एवढा महाग का?

जावा हा चित्रपटातला बुटका भंगारवाला. फिगर इतरांपेक्षा लहान, किंमत मात्र तीच. सुरुवातीला त्याला पातळ विनाइलची तपकिरी केप दिली होती. ती फार हलकी वाटते, पैसे वसूल झाल्यासारखं गिऱ्हाइकाला वाटणार नाही, असं केनरला वाटलं आणि लवकरच कापडी झगा आला. त्यामुळे विनाइलवाले जावा थोडेच बाहेर पडले.

फसवणुकीचा मार्गही त्याच केपमध्ये आहे. बेन केनोबीची केपही तपकिरी विनाइलचीच. ती कात्रीने कापून लहान केली आणि साध्या जावाच्या खांद्यावर घातली की झालं काम. भिंगातून कडा बघा: साच्यात ठोकून कापलेली कड एकसंध असते, कात्रीची कड कुठेतरी थबकलेली, वाकडी झालेली दिसते. तरीही एवढ्या पैशांची वस्तू एकट्याच्या भरवशावर घेऊ नका. मी आजवर विनाइल केपचा जावा घेतलेला नाही, आणि घ्यायची वेळ आली तर तीन जाणकारांना दाखवूनच घेईन.

आणखी कुठल्या दुर्मीळ गोष्टी माहीत असाव्यात?

दुहेरी सरकणारा सेबर: अगदी सुरुवातीच्या ल्यूक, बेन आणि व्हेडरमध्ये सेबरच्या आतून आणखी एक बारीक पातं बाहेर यायचं. ते नाजूक आणि खर्चिक ठरलं म्हणून बंद झालं. ल्यूक त्यातल्या त्यात मिळतो, बेन आणि व्हेडर फारच विरळा.

निळा स्नॅगलटूथ: सीअर्स या अमेरिकी दुकानांसाठी केलेल्या कँटीना (चित्रपटातला गुत्ता) संचात १९७८ मध्ये हा उंच, निळ्या कपड्यांचा, चंदेरी बुटांचा प्राणी आला. केनरच्या कारागिरांना मिळालेल्या छायाचित्रात त्याची खरी उंची आणि रंग कळत नव्हता. चित्रपटात तो बुटका आणि लाल कपड्यांतला आहे. चूक कळल्यावर बुटका लाल आला आणि निळा त्या संचापुरता राहिला.

याक फेस: शेवटच्या मालिकेतला. अमेरिकेत तो विक्रीला आलाच नाही, परदेशांत आला. १९८५ पर्यंत मुलांचा ओढा दुसरीकडे वळला होता, त्यामुळे शेवटच्या सतरा फिगर्स एकूणच कमी सापडतात.

रॉकेट सुटणाऱ्या बोबा फेटचं काय प्रकरण आहे?

१९७९ मध्ये केनरने जाहिरात केली: चार फिगर्सच्या कार्डांवरचे खरेदीचे चौकोन कापून पाठवा, पाठीवरून खरंच रॉकेट उडवणारा बोबा फेट फुकट मिळवा. दरम्यान दुसऱ्या एका कंपनीच्या अंतराळ-खेळण्यातलं छोटं क्षेपणास्त्र घशात अडकून एक मूल दगावलं. केनरने उडणारं रॉकेट रद्द केलं. मुलांना मिळालेल्या फेटचं रॉकेट पाठीला कायमचं चिकटवलेलं होतं आणि कार्डांवरच्या त्या जाहिरातीवर चिकटपट्टी लावून मजकूर झाकला गेला.

उरले ते कारखान्यातले मोजके चाचणी-नमुने. रॉकेटची खूंटी सरकण्यासाठी पाठीत ज्या आकाराची खाच आहे त्यावरून त्यांना 'एल-स्लॉट' आणि 'जे-स्लॉट' म्हणतात. त्यातला हाताने रंगवलेला एक नमुना २०२४ मध्ये हेरिटेज लिलावगृहात ५ लाख २५ हजार डॉलरला गेला. मुलांना दुकानात मिळालेला उडत्या रॉकेटचा फेट अस्तित्वातच नाही. 'लहानपणी माझ्याकडे होता' असं सांगणारे खूप भेटतात. जाहिरात इतकी मनात बसली होती की आठवणीत ते रॉकेट सुटायला लागलं.

आणि जुन्या कार्डाचा एक कोपरा चौकोनी कापलेला दिसला, तर ते कार्ड 'खराब' आहे एवढंच म्हणून पुढे जाऊ नका. भाव नक्कीच कमी होतो. पण कुणीतरी कात्री घेऊन बसलं होतं आणि अशाच एखाद्या फुकटच्या फिगरची वाट बघत होतं, ही त्या कार्डाची नोंद आहे. माझ्याकडे अशी दोन कार्डं आहेत. ती मी विकणार नाही.

फिगरची अवस्था कशी ठरवता? नेमकं काय बघता?

मी नेहमी एकाच क्रमाने बघतो, म्हणजे काही सुटत नाही.

आधी सांधे. फिगर सपाट टेबलावर उभी करायची. स्वतःच्या पायांवर उभी राहिली पाहिजे. हात वर करून सोडला तर तो तिथेच थांबला पाहिजे. धपकन खाली आला तर सांधा सैल. सैल सांध्याने भाव बराच पडतो आणि डिंक-बिंक घालून केलेली दुरुस्ती त्याहून वाईट.

मग रंग. नाकाचा शेंडा, केसांची बट, बोटं, बुटांची टोकं, पट्ट्याची बक्कल. झीज इथेच सुरू होते. कुणी नवीन रंग लावला असेल तर भिंगाखाली ब्रशचा फटकारा दिसतो; कारखान्यातला रंग फवाऱ्याचा आणि पट्टीने बेतलेला, त्याची कड वेगळी. रंग लावलेली फिगर मी रंग उडालेल्या फिगरपेक्षा खालची मानतो. झिजलेली फिगर निदान मूळची तरी असते.

सी-थ्री-पीओवर धातूचा सोनेरी थर चढवलेला असतो. तो कधीही पुसून चकचकीत करू नका, थरच निघून जाईल. आर-टू-डी-टूच्या अंगाभोवती कागदी स्टिकर असतो. त्याचे निळे रंग उन्हाने फिके होतात आणि जोडावर तो सुटतो. नवीन छापील स्टिकर लावलेले आर-टू खूप फिरतात. खूपच ताजा निळा दिसला तर जोड बघा.

शेवटी वास. ऐकायला विचित्र वाटेल, पण बुरशीचा, सिगारेटचा किंवा रंगाच्या थिनरचा वास फिगरबरोबर काय काय झालं आहे ते सांगून टाकतो.

पांढरी फिगर पिवळी पडली आहे. पेरॉक्साइडने गोरी करू का?

स्टॉर्मट्रूपर आणि आर-टू यांना हा रोग जास्त. प्रकाश आणि हवेतला प्राणवायू यांनी वर्षानुवर्षं प्लास्टिकवर रासायनिक काम केलेलं असतं. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात किंवा अतिनील दिव्याखाली ठेवलं की पिवळेपणा जातो, हे खरं. पण तो परत येऊ शकतो, प्लास्टिक ठिसूळ किंवा डागाळ होऊ शकतं, आणि जाणत्या संग्राहकाच्या दृष्टीने ती फिगर आता 'फेरफार केलेली' झाली. स्वतःच्या समाधानासाठी साध्या स्टॉर्मट्रूपरवर केलंत तर तुमची मर्जी. विकताना मात्र सांगा. न सांगता विकणं ही फसवणूक आहे.

साधी धूळ-मळ काढायला कोमट पाणी, एक थेंब भांड्यांचा सौम्य साबण आणि लहान मुलांचा मऊ टूथब्रश पुरे. स्टिकर आणि कापड ओलं करू नका. नेलपॉलिश रिमूव्हर घरातच ठेवू नका म्हणेन.

फिगरचे पाय चिकट का झालेत?

धड कडक प्लास्टिकचं, हातपाय मऊ पीव्हीसीचे. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं द्रव्य वर्षांनंतर हळूहळू पृष्ठभागावर येतं. कधी चिकट लागतं, कधी पांढरट धुकं धरल्यासारखं दिसतं. साबणाच्या पाण्याने पुसलं की काही काळ बरं, मग पुन्हा. बंद डब्यात आणि उष्णतेत हे लवकर होतं. म्हणून कपाटाला थोडी हवा हवी.

ग्रेडिंग करून घ्यावं का?

अमेरिकेत एएफए, म्हणजे ॲक्शन फिगर ऑथॉरिटी, आणि सीएएस अशा संस्था फिगर तपासून, शंभरपैकी गुण देऊन ॲक्रिलिकच्या पेटीत बंद करून देतात. एएफएच्या मोजपट्टीत ८५ म्हणजे जवळपास नवीकोरी. कार्डवरच्या फिगरला कार्ड, बबल आणि फिगर यांचे वेगळे गुणही मिळतात. एकूण आकड्यापेक्षा ते तीन आकडे वाचायला शिका. ८० गुणांच्या दोन फिगर्सपैकी एकीचा बबल पिवळट आणि दुसरीचं कार्ड दुमडलेलं असू शकतं.

भारतातून पाठवणं, परत आणणं, विमा, सीमाशुल्क हे धरलं तर साध्या फिगरसाठी ते परवडत नाही. फार महाग वस्तू विकायची असेल तरच विचार करा. पेटीवरचं लेबल म्हणजे ब्रह्मवाक्यही नव्हे. बबल काढून पुन्हा चिकटवलेल्या वस्तू तपासणीतून सुटून नंतर उघडकीला आल्या आहेत.

किंमत कशी ठरवायची?

मागितलेली किंमत ही किंमत नव्हे. ईबेवर 'विकल्या गेलेल्या' वस्तूंची यादी वेगळी बघता येते; गेल्या तीन महिन्यांतल्या निदान आठ-दहा विक्री बघा, सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची सोडून द्या. हेक्स, हेरिटेज यांसारख्या लिलावगृहांचे जुने निकाल पाहता येतात. त्यात खरेदीदाराकडून घेतलं जाणारं कमिशन धरलं आहे का ते बघा, नाहीतर तुलना चुकते.

आणि तुलना सारख्याची सारख्याशी. शस्त्रासह की शिवाय, कुठला बॅक, कार्डाचं लटकवायचं भोक फाडलेलं की अखंड, बबल स्वच्छ की पिवळट. 'बोबा फेट इतक्याला गेला' या वाक्यात काहीच माहिती नाही.

माझ्याकडे १९९५ नंतरच्या सीलबंद फिगर्स आहेत. सोनं झालं असेल ना?

नाही, आणि हे सांगताना मला दर वेळी वाईट वाटतं. १९९५ मध्ये फिगर्स पुन्हा सुरू झाल्या तोवर जुन्यांचे भाव वर्तमानपत्रांत आले होते. लोकांनी खोकी भरभरून घेतल्या आणि न उघडता ठेवल्या. १९९९ च्या चित्रपटाच्या वेळी तर उत्पादनही प्रचंड झालं. जुन्या फिगर्स दुर्मीळ झाल्या त्या मुलांनी त्या उघडल्या, वाळूत पुरल्या, हरवल्या म्हणून. सगळ्यांनीच जपून ठेवलेली वस्तू दुर्मीळ होत नाही. अपवाद आहेत, पण थोडे. त्या उघडा आणि घरातल्या पोरांना द्या.

हॅस्ब्रोने २०१९ पासून केनरच्या धाटणीतल्या 'रेट्रो' फिगर्सही काढल्या आहेत. कार्ड लांबून जुन्यासारखंच दिसतं. फसू नका, पायावरचा शिक्का वाचा.

परदेशांतल्या आवृत्त्या आणि नकला जमवाव्यात का?

मला स्वतःला हा भाग फार आवडतो. ब्रिटनमध्ये पॅलिटॉय, फ्रान्समध्ये मेकानो, जपानमध्ये ताकारा, मेक्सिकोत लिली लेडी, ब्राझीलमध्ये ग्लासलाइट अशा कंपन्यांनी परवाना घेऊन याच फिगर्स काढल्या, आणि प्रत्येकीत रंग, कापड, कार्ड थोडं निराळं. व्लिक्स नावाची एक फिगर फक्त ब्राझीलमध्ये निघाली. तुर्कस्तानातल्या बिनपरवान्याच्या 'उझाय' फिगर्स तर आज अस्सलांइतक्याच मान्यतेने जमवल्या जातात. त्यातला निळ्या झग्यातला शाही रक्षक 'ब्लू स्टार्स' या नावाने प्रसिद्ध आहे. त्या काळची नक्कल ही इतिहासाचा भाग आहे. आज जुनी म्हणून खपवलेली नक्कल हा गुन्हा आहे.

आपल्याकडचा दुवा याच मापाच्या दुसऱ्या फिगर्सचा. १९८७ मध्ये एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून फनस्कूल सुरू केली. गोव्यातल्या कारखान्यातून निघालेले तिचे जी. आय. जो, हॅस्ब्रोच्या जुन्या साच्यांतले पण भलत्याच रंगांतले, आज अमेरिकेतले संग्राहक शोधत असतात. तुमच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत ते असतील तर आधी ते बघा.

परदेशातून मागवताना कर किती पडतो?

खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. तुमच्या पार्सलवर नेमकं किती बसेल ते त्याचं वर्गीकरण कसं होतं आणि जाहीर किंमत किती यावर ठरतं. भेट म्हणून पाठवा, किंमत कमी लिहा, असं विकणाऱ्याला सांगू नका. ते बेकायदेशीर आहे, आणि वस्तू हरवली तर विमाही तेवढाच मिळतो. एकेक मागवण्यापेक्षा परदेशातल्या नातलगाकडे जमवून, नियमात राहून, येताना आणायला सांगणं बरं. मात्र फिगर हातसामानात, बिलासकट.

आपल्या पावसाळ्यात सांभाळायच्या कशा?

कार्डवरच्या फिगर्सचा खरा शत्रू जुलै महिना. माझं एक ६५-बॅक कार्ड पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या फळीवर होतं. गणपतीत कपाट पुसायला काढलं तेव्हा पुठ्ठा धनुष्यासारखा वाकला होता आणि बबलची खालची कड सुटून आली होती. चाळीस वर्षं टिकलेला चिकटा एका पावसाळ्यात गेला. मी तो परत चिकटवला नाही. आता ते कार्ड तसंच, सुटलेल्या कडेसह आहे आणि नोंदीतही तसं लिहिलं आहे.

बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवा. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दर महिन्याला बदला किंवा वाळवा. शंभरेक रुपयांचा आर्द्रतामापक ठेवला तर आकडा डोळ्यांसमोर राहतो. मी तो पन्नासच्या आसपास ठेवायचा प्रयत्न करतो. कसर कागद खाते म्हणून आई-आजी ठेवतात तशा डांबराच्या गोळ्या मात्र ठेवू नका, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतं. थेट ऊन नको, काचेच्या कपाटात गरम होणारे दिवे नकोत. पिशव्या पॉलिथिनच्या किंवा पॉलिप्रॉपिलिनच्या. मऊ पीव्हीसीची पिशवी फिगरला चिकटते. हात आणि शस्त्र यांना रबरबँड लावून ठेवलं तर दोन उन्हाळ्यांत रबर वितळून डाग कायमचा.

स्टार वॉर्सशिवाय काय बघावं?

१९७९ मध्ये केनरनेच एलियनची अठरा इंची फिगर काढली. चित्रपट मोठ्यांसाठीचा आणि खेळणं मुलांसाठीचं. पालक बिथरले आणि ती फार काळ टिकली नाही. डोक्यावरचा पारदर्शक घुमट बहुतेकांचा हरवलेला असतो, तो मूळचा आहे का हे आधी बघा. मेगोच्या आठ इंची प्लॅनेट ऑफ द एप्स फिगर्स, केनरचाच १९८८ चा रोबोकॉप हेही अभ्यासायला चांगले. नवीन वस्तूंत हाँगकाँगच्या हॉट टॉइजचं काम अप्रतिम असतं, पण त्यांच्या कृत्रिम चामड्याचे कपडे दमट हवेत सोलवटतात.

नोंद ठेवावी का?

जरूर. माझ्याकडे दोनशे पानी वही आहे. प्रत्येक फिगरला एक पान: कधी घेतली, कुठे, किती पैसे, पायावरचा शिक्का अक्षरशः, शस्त्र मूळचं की रिप्रो, काय काय दोष, आणि समोरून-मागून-पायाचे फोटो कुठे ठेवले आहेत. रिप्रो शस्त्र असेल तर त्याच्या पानावर लाल शाईने लिहितो. माझ्यानंतर ही कपाटं बायकोने किंवा मुलीने उघडली आणि कुणी येऊन 'हे सगळं दहा हजारांत घेतो' म्हणाला, तर त्यांच्या हातात ती वही असेल. पहिल्या पानावर तीन संग्राहक मित्रांचे नंबर आहेत, ज्यांना आधी फोन करायचा. बेन केनोबीच्या पानावर अजून लाल शाईच आहे. त्याचा मूळ सेबर मिळाला की ती ओळ खोडणार आहे.